नगरची पहिली मंडळी

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द कुठेही चालतो. पंगतीला बसलेली मंडळी, नाटक मंडळी, आणि जुन्या वळणाच्या नवरोबांच्या तोंडी ‘आमच्या मंडळी’ म्हणजे घरची बायको. मराठी बायबलात ‘चर्च’साठी हाच शब्द आला आणि अहमदनगरच्या ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात तो कायमचा बसला. चर्च बांधता येतं, मंडळी जमावी लागते. नगरच्या ‘पहिल्या मंडळी’ची जवळजवळ दोनशे वर्षांची गोष्ट ही अशी जमण्याची गोष्ट आहे. कोण कोणाशेजारी बसणार, कोणत्या चालीवर गाणार आणि पाळक कोण ठरवणार, हे तिथले खरे प्रश्न होते.

अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांची ‘अमेरिकन मराठी मिशन’ घाट चढून नगरला पोचली ती 1831 च्या डिसेंबरात. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तिघे अमेरिकन होते आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. वर्ष उलटायच्या आत हर्वी कॉलऱ्याने दगावले. तरी 1833 मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. शहरात आंधळ्या-पांगळ्यांसाठी आणि महारोग्यांसाठी एक आसरा होता, तिथे उपदेश चाले. सुरुवातीच्या सभासदांतले बरेच जण तिथलेच होते. गावाने ज्यांना पंगतीबाहेर बसवलं होतं, त्यांच्यापासून ही पंगत सुरू झाली. बाबाजी त्याच वर्षी गेले. त्यांचं चरित्र रीड यांनी पुढे अमेरिकेत प्रसिद्ध केलं.

1839 मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायणपंत यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर हादरलं. ब्राह्मणाचा मुलगा बाटला, एवढ्यावर हे प्रकरण थांबणारं नव्हतं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर एक आणि पेलाही एक. ज्याची सावली टाळायची त्याने ओठ लावलेला पेला आपल्याही ओठांना लावायचा. पुढे 1854 मध्ये हरिपंतांना पहिल्या मंडळीचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली, तेव्हा तर तो पेला इतरांच्या हाती देण्याचं कामच त्यांच्याकडे आलं. त्याच सुमारास रामकृष्णपंत मोडकांचीही दीक्षा झाली. पुढे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यासारख्या खेड्यांतून महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली आणि जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा चेहरा पालटला. जात चर्चच्या दारातच गळून पडली, असं कुणी म्हणणार नाही. लग्नं जुळवताना ती बरीच वर्षं डोकावत राहिली. पण बाक मात्र एकच होता.

ही मंडळी ‘काँग्रिगेशनल’ वळणाची होती. मेथॉडिस्ट पंथात बिशप असतो आणि कोणता पाळक कुठे जाईल हे वरून ठरतं. काँग्रिगेशनल पद्धतीत मंडळी स्वतःच मालक असते. ती पाळक निवडते, त्याच्या पगाराची सोय बघते आणि नव्या सभासदाला घ्यायचं की नाही हेही मत घेऊन ठरवते. ज्या काळी रयतेला मत म्हणून काही नव्हतं, त्या काळी नगरचा कालपर्यंत वेशीबाहेर असलेला माणूस रविवारच्या सभेत हात वर करून मत देत होता. शेजारपाजारच्या मंडळ्यांनी मिळून जो संघ केला, त्याला नाव दिलं ‘ऐक्य’.

मंडळीभोवती शहराचं बरंच काही उभं राहिलं. 1842 मध्ये मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथेच सुरू केलं. मिशनरी सिंथिया फरार 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि मग 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले. पुढे 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तेही याच परंपरेतून.

मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं. 1847 मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस 1874 मध्ये नगरला आला आणि इथलाच झाला. इथल्या माणसांचा एक साधा सवाल होता: आम्ही तरलो, पण आमचे आजे-पणजे? त्यांनी तर येशूचं नावही ऐकलं नव्हतं. कर्मठ शिकवणीप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं, ते नरकात. रजेवर अमेरिकेत असताना 1886 मध्ये ह्यूम उघडपणे बोलले की अशांना मरणानंतर संधी मिळू शकते, असं मानायला हरकत नसावी. त्यावरून तिकडे धर्मपंडितांत वादळ उठलं, त्यांच्या परतण्याला आडकाठी झाली आणि 1887 मध्ये ती सुटली. नगरच्या ओसरीवरची शंका अमेरिकेतल्या पीठांपर्यंत पोचली, ती अशी. 1899-1900 च्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारने ह्यूमना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

आणि गाणं. सुरुवातीला अमेरिकन चालींत मराठी शब्द कोंबले गेले. सूर पाश्चात्य, ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, गाणाऱ्याची दमछाक. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनच उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, सगळं तसंच, आख्यान तेवढं बायबलातलं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन पाळक होणाऱ्यांना शिकवू लागले. इथल्या त्यांच्या घरात बालकवी ठोमरेही काही काळ राहिले. टिळकांनी अभंगाला ख्रिस्ती देवळात मानाची जागा मिळवून दिली. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आजही उघडा. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे ओवी आणि अधूनमधून इंग्रजी चालीची गीतं. पेटी-तबला सुरू झाला की म्हाताऱ्या बायका पुस्तक मिटून गातात. पाश्चात्य चालीचं गीत आलं की चष्मे पुन्हा नाकावर चढतात.

1924 मध्ये या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं, त्यात त्याही आल्या. अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. नव्या चर्चमध्येही बिशप होते आणि त्या मेथॉडिस्टांना बिशपची सवय होती. ज्या नगरकरांना ती मुळीच नव्हती, ते मात्र आत गेले. तेव्हापासून पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या वरून होतात.

रविवारी उपासना संपल्यावर फाटकाशी गर्दी होते. “सलाम, पाळकसाहेब,” म्हणत एकेक जण पुढे सरकतो. पाळकांनी काही वर्षांपूर्वी दुसरं गाव पाहिलेलं असतं, काही वर्षांनी तिसरं पाहतील. हात मिळवणाऱ्यांतल्या कित्येकांच्या पणज्या इथल्याच बाकावर बसलेल्या असतात. पाळक निवडायला हात वर करणारे त्यांचे पणजोबा आता कुणाला आठवत नाहीत. पण उपदेश लांबला किंवा पेटी बेसूर वाजली, तर फाटकापाशीच तोंडावर सांगण्याची सवय अजून गेलेली नाही.