बोलपटातील गाणे कोणाचे?

संगीतप्रधान चित्रपटाचे रसग्रहण करताना आपल्याकडे चाल, गळा आणि चित्रीकरण यांचाच विचार बहुधा होतो. गाणे कथेतील कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः या प्रकारातील दोन नामांकित कृती नेमक्या याच प्रश्नावर उभ्या आहेत. एक हॉलिवुडमधील ‘सिंगिन् इन द रेन’ (१९५२). दुसरी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची ‘संत तुकाराम’ (१९३६).

पहिल्या चित्रपटात मूकपट मागे पडून बोलपट रूढ होण्याचा, म्हणजे १९२७ च्या सुमाराचा काळ आहे. लीना लॅमोंट या तारकेचा आवाज कर्कश. म्हणून कॅथी नावाची मुलगी तिच्यासाठी गाते आणि श्रेय लीनाला मिळते. अखेरीस रंगमंचावरचा पडदा वर जातो व खरी गाणारी प्रेक्षकांना दिसते. चोरी सिद्ध होते ती डोळ्यांच्या साक्षीने. (गंमत अशी की, कॅथीच्या तोंडच्या गाण्यांपैकी काही भाग बेटी नॉइज या तिसऱ्याच गायिकेने गाइलेला असून श्रेयनामावलीत तिचे नाव नाही.)

‘संत तुकारामा’त दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनी हीच साक्ष कानांकडे सोपविली आहे. चित्रपटाच्या आरंभी विष्णुपंत पागनीस डोळे मिटून अभंग गातात. लगोलग तोच अभंग देवळात सालोमालो गाऊ लागतो, आणि रचना आपलीच असल्याचे सांगतो. शब्द तेच आहेत. तरीही तो अभंग कोणाचा, याविषयी प्रेक्षकाच्या मनात क्षणभरही संदेह राहत नाही. हे कसे घडते?

याचे उत्तर अभंगाच्या घडणीत आहे. अभंग हा अक्षरछंद होय. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे मोजली जातात. वृत्तातल्याप्रमाणे लघुगुरूंचा क्रम तेथे ठरलेला नसतो. त्यामुळे कोणते अक्षर किती लांबवावे, हे बव्हंशी गाणाराच ठरवितो. पागनिसांच्या गाण्यात अक्षर बोलण्यातील वजनापासून फार दूर जात नाही. शब्दाची सीमा ओळखू येते आणि वाक्य वाक्यच राहते. सालोमालोचे गाणे नाटकी थाटाचे आहे. त्यात स्वर ताणला जातो, व्यंजने मागे पडतात, आणि विनवणीची जागा प्रदर्शन घेते. एकाच संहितेचे हे दोन उच्चार संगीत-दिग्दर्शक केशवराव भोळे यांनी इतक्या निकट ठेवले आहेत की, तुलना करण्यावाचून श्रोत्याला गत्यंतरच उरत नाही. पागनीस स्वतः संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संयमाचे मोल अधिकच वाटते.

आणखी एक परिमाण आवलीच्या बोलण्याचे. गौरी या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. तिची भाषा चुलीची, म्हशीची, मुलांच्या भुकेची. रागावली म्हणजे ती विठोबावरही पायताण उगारते. तिच्या रोखठोक गद्याशेजारी तुकारामाचा अभंग ऐकू येतो, म्हणूनच तो घरातल्याच बोलीचा पुढचा टप्पा वाटतो. हॉलिवुडच्या चित्रपटात चालण्याचे नृत्य होते, येथे बोलण्याचे गाणे होते. सालोमालोच्या गाण्यामागे असे घर नाही.

येथवर सारे सरळ आहे. परंतु याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ हा अभंग नव्याने रचला. त्याची भाषा, छंद व दृष्टांताची पद्धत तुकारामाच्या इतकी जवळची होती की, अनेकांनी तो तुकारामाचाच मानला. आजही तसे मानणारे भेटतात. सालोमालोने दुसऱ्याची रचना आपल्या नावावर घेतली. येथे आठवल्यांची रचना लोकांनीच दुसऱ्याच्या नावावर केली. पडद्यावर चोर ओळखणारा कान पडद्याबाहेर कर्ता ओळखू शकला नाही. कारण उघड आहे. आठवल्यांचा अभंगही चित्रपटात तुकारामाच्याच मुखी आला होता, आणि कानाने पारखला होता तो उच्चार.

गाथेच्या पाठचिकित्सेला हे उदाहरण अडचणीचे आहे. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा कोणालाही जोडता येते, हे अभ्यासकांना ठाऊकच होते. शैलीही त्याच वाटेने जाऊ शकते, हे प्रभातच्या आवारात, म्हणजे १९६० पासून जेथे चित्रपटशिक्षणाची संस्था आहे तेथे, १९३६ सालीच दिसून आले होते.