धडगावच्या उतारावर तव्यांचा वखर
छोट्या ट्रॅक्टरसाठी डिस्क हॅरो निवडताना

शेतीचे अवजार घेताना शेतकरी बहुधा दोन गोष्टी पाहतो: शेजाऱ्याने काय घेतले आणि अनुदान किती मिळते. या दोहोंपैकी एकीचाही संबंध त्याच्या स्वतःच्या जमिनीशी नसतो. परिणामी हौसेने आणलेले अवजार एक-दोन हंगामांनंतर गोठ्याच्या कडेला गंजत पडते आणि कर्जाचे हप्ते मात्र नियमाने येत राहतात. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावसारख्या डोंगरी भागात तर चुकीच्या अवजाराची किंमत पैशांबरोबर मातीतही मोजावी लागते. म्हणून छोट्या ट्रॅक्टरसाठी डिस्क हॅरो, अर्थात तव्यांचा वखर, कसा निवडावा याचा थोडा तपशिलात विचार करणे अगत्याचे आहे. तालुक्याच्या गावी अवजारांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांनाही हा विचार उपयोगी पडावा. कारण योग्य माल दिलेले गिऱ्हाईकच पुन्हा दुकानाची पायरी चढते.

जमीन आधी, अवजार नंतर

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या या तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा वाहते आणि तोरणमाळचे थंड हवेचे पठारही याच तालुक्यात येते. घाट उतरून शहादा किंवा तळोद्याकडे आले की तापीच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन लागते. वर मात्र चित्र निराळे आहे. भिल्ल आणि पावरा शेतकऱ्यांची लहान लहान शेते, कुठे दरीतली बरी खोल माती, कुठे मुरमाड उतार, तर कुठे हाताएवढ्या थराखाली लगेच खडक. ज्वारी, मका, तूर, उडीद ही पिके, बांधावर आंब्याची झाडे आणि त्या आंब्यापासून होणारा अमचूर, ही येथील शेतीची ओळख.

खाली शहाद्याच्या काळ्या रानात चालणारा मोठा हॅरो वर नेऊन चालत नाही, याचे कारण केवळ रस्ता अरुंद आहे एवढेच नाही. हॅरोने माती भुसभुशीत होते. सपाट रानात हा गुण आहे. तीव्र उतारावर तोच दोष ठरतो. जूनमधील पहिल्या जोरदार सरींबरोबर सैल झालेली माती ओढ्यातून उदई नदीला आणि तेथून नर्मदेला मिळते. पिढ्यानपिढ्या जपलेला वरचा थर एका पावसात गेला, तर तो कोणत्याही अनुदानातून परत येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हॅरो कोणता घ्यावा हा नसून तो कोणत्या तुकड्यात चालवावा हा आहे. दरीतली, बांधबंदिस्ती झालेली, खोल मातीची शेते हॅरोस योग्य. मध्यम उतारावर तो चालवायचाच तर उतारास आडवा, समपातळी रेषेने चालवावा. चढ-उताराच्या दिशेने पडलेली प्रत्येक चाकोरी पावसात पाण्याची नाली बनते. तीव्र उतारावर मात्र छोटा ट्रॅक्टर आडवा चालवणेही धोक्याचे, कारण त्याची चाके जवळजवळ असतात आणि तो कलंडू शकतो. अशा तुकड्यांत बैलांचा वखरच योग्य आहे. त्याला मागासलेपणा समजू नये.

हॅरो नेमके काय करतो

नांगराचा फाळ आपल्या आकारामुळेच जमिनीत ओढला जातो. हॅरोच्या तव्याला ती ओढ नसते. तो जमिनीत शिरतो तो स्वतःच्या वजनाने, धारेने आणि चालीच्या दिशेशी केलेल्या कोनाने. कोन वाढवला की तवा खोल जातो आणि ट्रॅक्टरवरील ताणही वाढतो. नांगरटीनंतरची ढेकळे फोडणे, मक्याची व ज्वारीची धसकटे तोडून मातीत मिसळणे आणि उगवलेले तण कापणे ही त्याची मुख्य कामे. धसकटांच्या रानात कल्टिव्हेटरच्या दात्यांत काडीकचरा अडकून ढीग होतो. तवा तो कापून पुढे जातो.

तव्यांच्या मांडणीचे दोन प्रकार बाजारात प्रामुख्याने दिसतात. टँडम हॅरोत चार रांगा फुलीच्या आकारात असतात. ऑफसेट हॅरोत दोनच रांगा एकीमागे एक, तिरप्या बसवलेल्या असतात. पुढची रांग माती एका बाजूस फेकते, मागची ती परत आणते. ऑफसेटची बांधणी आटोपशीर असते. मोठ्या ऑफसेट हॅरोला ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवून झाडाच्या फांद्यांखालीही मशागत करता येते. तथापि दोन्ही रांगांचे कोन नीट जुळवले नाहीत, तर हलका ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो आणि उतारावर ही ओढ अधिक जाणवते. विकत घेण्यापूर्वी शेतात चालवून पाहण्याचा आग्रह धरावा तो यासाठीच.

वजनाचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न असतो, “किती तव्यांचा हवा?” खरे तर विचारायला हवे ते हॅरोचे एकूण वजन. त्यास तव्यांच्या संख्येने भागले म्हणजे एका तव्यामागे किती भार येतो ते कळते. २५० किलोच्या हॅरोला १० तवे असतील तर प्रत्येकी २५ किलो भार येतो. तेवढ्याच वजनात १४ तवे बसवले तर तो १८ किलोंपेक्षाही कमी होतो. दुसरा हॅरो दिसायला रुंद, कामाला मात्र वरवरचा. कडक मुरमाड जमिनीवर तो नुसता घरंगळत जाईल.

मग वजन वाढवावे तर त्यालाही मर्यादा आहे. १५ ते २५ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरची उचलक्षमता माहितीपत्रकात ७५० किलोंच्या आसपास लिहिलेली असते. २५० किलोंचा हॅरो तो सहज उचलेल असे वाटते, आणि उचलतोही. पण तो उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती भार उरतो, हे पाहावे लागते. समजा, ट्रॅक्टर ९०० किलोंचा आहे व त्यापैकी ३६० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर दीड मीटर आणि हॅरोचे वजनकेंद्र मागच्या धुरेपासून १.२ मीटर मागे. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरील २०० किलो भार कमी होईल आणि उरतील फक्त १६०. एकूण ११५० किलोंच्या मानाने हे १४ टक्के होतात. सुकाणू ताब्यात राहण्यासाठी पुढच्या चाकांवर निदान २० टक्के भार असावा असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे सपाटीवरही ही जोडी अपुरी, आणि घाटाच्या चढावर तर पुढची चाके उचललीच जाणार. पुढे सुमारे ७० किलोंची वजने बसवली तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या थोडे वर येते. या वजनांची किंमत हॅरोच्या किमतीतच धरावी.

याउलट तवे फार कमी केले तर हॅरो ट्रॅक्टरपेक्षा अरुंद होतो आणि चाकांनी दाबलेली माती तशीच राहते. हॅरोची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरील कडांएवढी तरी हवी. दोन तव्यांतील अंतर २० सेंटिमीटर धरले, तर पाच-पाच तव्यांच्या दोन रांगांचा हॅरो एक मीटर पट्टा उलथतो. पुढे वजने लावलेल्या, फोर व्हील ड्राइव्हच्या छोट्या ट्रॅक्टरला एवढा हॅरो पुष्कळ झाला.

येथे एका धोकादायक सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. तवे जमिनीत शिरेनात म्हणून हॅरोच्या चौकटीवर माणूस, कित्येकदा मूल, बसवले जाते. एखाद्या दगडावर हॅरो उसळला की बसणारा थेट फिरत्या तव्यांपुढे पडतो. वजन हवेच असेल तर चौकटीला घट्ट बांधलेली लोखंडी वजने किंवा वाळूची पोती वापरावीत. माणूस कधीही बसवू नये.

तवे, बेअरिंग आणि घाट

तवे सलग कडेचे किंवा खाचांचे असतात. खाचांचा तवा धसकटे चांगली तोडतो आणि कडक जमिनीत लवकर शिरतो. सलग तवा ढेकळे बारीक करतो व अधिक टिकतो. पुढच्या रांगेत खाचांचे व मागच्या रांगेत सलग ही मांडणी मक्याच्या रानास सोयीची पडते. तवा बोरॉन किंवा उच्च कार्बन पोलादाचा असावा. अंतर्वक्र तव्यांसाठी आयएस ४३६६ हे भारतीय मानक आहे, त्याची विचारणा करावी. दगडावरून तवा फिरून जातो खरा, पण निकृष्ट पोलादाचा असेल तर त्याचे टवके उडतात.

बेअरिंगकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. धूळ आत गेली की बेअरिंग जाते, बेअरिंग गेले की धुरा झिजतो. बंदिस्त, सील असलेली बेअरिंगे घ्यावीत. ग्रीसची टोपणे हाताला सहज लागतील अशी असावीत. तव्याला चिकटलेली ओली माती खरवडणारे स्क्रेपर हवेत व ते सरकवता यावेत. जोडणीच्या पिना मोजून घ्याव्यात: छोट्या ट्रॅक्टरच्या पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या व वरची १९ मिलिमीटरची असते. मोठ्या ट्रॅक्टरसाठीचा २८ मिलिमीटर पिनांचा हॅरो तिला बसणार नाही.

सुटा भाग कोठे मिळतो हाही निवडीचा निकष आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याची वाट अडते. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून ज्याची बेअरिंगे आणि तवे शहाद्यात किंवा तळोद्यात हमखास मिळतात असाच हॅरो घ्यावा, आणि एक जादा बेअरिंग घरी ठेवावे.

पैशाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. उदाहरणादाखल हॅरोची किंमत ६०,००० रुपये, आयुष्य १० वर्षे व शेवटी मोडीचे ६,००० रुपये धरू. वार्षिक घसारा ५,४०० रुपये. सरासरी ३३,००० रुपयांच्या गुंतवणुकीवर १० टक्क्यांनी व्याज ३,३०० रुपये. दुरुस्ती व देखभाल ३,००० रुपये. एकूण वार्षिक खर्च ११,७०० रुपये. यात डिझेल, चालक व ट्रॅक्टर धरलेला नाही.

एक मीटर रुंदीचा हॅरो ताशी चार किलोमीटर वेगाने चालला आणि वळणांत चौथा भाग वेळ गेला, तर तासाला सुमारे पाऊण एकर काम होते. चार एकरांच्या शेतकऱ्याने वर्षात दोन पाळ्या दिल्या, तर आठ एकरांचे काम सुमारे अकरा तासांत संपते. उरलेले वर्षभर हॅरो उभा. एकरी एका पाळीचा खर्च १,४६२ रुपये झाला. तोच हॅरो अशा दहा कुटुंबांनी मिळून वापरला तर तो १४६ रुपयांवर येतो.

अनुदानाने चित्र किती बदलते? किंमत निम्मी, म्हणजे ३०,००० रुपये पडली, तर घसारा २,४०० व व्याज १,८०० रुपये होते. दुरुस्ती मात्र ३,०००च राहते. एकूण ७,२०० रुपये, एकरी पाळीस ९०० रुपये. अर्ध्या किमतीत घेऊनही एकट्याचा हॅरो सामायिक हॅरोच्या सहापट महाग पडला. चार एकरांना अनुदान स्वस्त करू शकत नाही. अधिक एकर स्वस्त करतात.

अनुदान आणि कर्ज

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना ठरलेल्या कमाल मर्यादेत ५० टक्के व इतरांना ४० टक्के अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. क्रम महत्त्वाचा आहे: निवड, पूर्वसंमती, मग खरेदी, मग तपासणी आणि शेवटी खात्यात रक्कम. पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र होत नाही. रक्कम नंतर येत असल्याने संपूर्ण किंमत आधी उभी करावी लागते, हे विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टर व मशागतीच्या अवजारांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर कर वेगळा दाखवून घ्यावा.

कर्जाच्या बाबतीत या भागाची स्वतःची अडचण आहे. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने जाते, पण तिचे हस्तांतरण होत नाही, म्हणून ती तारण ठेवता येत नाही. परंतु १ जानेवारी २०२५पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जास बँकांनी तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. हॅरोसारखे कर्ज अवजाराच्या नजरगहाणावर होऊ शकते. हप्ते महिन्याचे न घेता पिकाच्या विक्रीनंतरचे, सहामाही किंवा वार्षिक, मागून घ्यावेत. मक्याचे पैसे दर महिन्याला येत नसतात.

खरेदीपूर्वी

ज्या गावात सात-आठ शेतकरी एकत्र येऊ शकतात तेथे गटाने एक हॅरो घ्यावा, वापराच्या पाळीचे व दुरुस्तीच्या निधीचे नियम आधीच लिहून ठेवावेत. वाफसा सर्वांच्या शेतात एकाच आठवड्यात येतो. म्हणून पाळीवरून भांडण होते ते तेथेच. गट जमत नसेल तर पहिले वर्ष भाड्याने हॅरो घेऊन आपल्या रानात तो किती तास लागतो याची नोंद ठेवावी. तांत्रिक सल्ल्यासाठी नंदुरबारजवळ कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्र आहे.

दरवर्षी त्याच खोलीवर हॅरो फिरवल्यास खाली कडक थर बनतो व पाणी मुरत नाही. म्हणून गरजेपुरत्याच पाळ्या द्याव्यात. आणि हॅरो आणण्यास निघण्यापूर्वी घरच्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन शेताची एक फेरी मारावी. कोणत्या तुकड्यात पाणी कुठून वाहते, दगड कुठे आहेत आणि माती किती खोल आहे, हे त्याला दुकानदारापेक्षा आणि बँकेपेक्षा अधिक ठाऊक असते.