किल्ली द्यावी, पण कुठली?

गावाला जाताना आपण शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो ती कुंड्यांना पाणी घालण्यापुरती. कपाटाची किल्ली कुणी देत नाही. संगणकाच्या व्यवहारात मात्र हे शहाणपण आपण सहज विसरतो.

एक प्रोग्रॅम दुसऱ्या सेवेकडून माहिती घेतो ती ‘एपीआय’ नावाच्या खिडकीतून. पूर्वी त्यासाठी अनेकदा आपला पासवर्डच त्याच्या हवाली करावा लागे. २००७ साली ‘ओऑथ’ ही पद्धत आली. तिच्यात प्रोग्रॅमला पासवर्ड कळत नाही. त्याला मिळतो मर्यादित परवाना. काय वाचायचे, काय बदलायचे, तेवढेच. शिवाय हा परवाना केव्हाही रद्द करता येतो.

पण परवानाच सैल असला तर? २०१३ साली फेसबुकवर व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक अॅप आले. चाचणी देणाऱ्याने ‘हो’ म्हटले की त्याच्या मित्रांचीही माहिती अॅपकडे जाई. ती पुढे केंब्रिज अॅनालिटिका कंपनीला मिळाली. हे २०१८ साली गाजले, तेव्हा फेसबुकने बाधितांचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत सांगितला. भारतात अॅप घेणारे होते अवघे ३३५. झळ पोहोचण्याची शक्यता मात्र सुमारे ५ लाख ६२ हजारांना! माहिती पुढे देणे नियमाबाहेरचे होते, पण ती बाहेर काढायला कुलूप फोडावे लागले नव्हते.

आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये अशा परवान्यांची यादी असते. घरातल्यांनी आज ती एकत्र बसून पाहावी. फोटो सजवणाऱ्या प्रोग्रॅमला आपली पत्रे कशाला वाचायला हवीत? ज्याचे काम संपले, त्याचा परवानाही संपवावा. आपल्या एका ‘हो’मध्ये इतरांचाही खासगीपणा गुंतलेला असतो.