सागरतळाच्या गाळात हिमालयाचा शोध

सन २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे संशोधनजहाज भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात नांगराविना स्थिर उभे होते. साडेतीन हजार मीटर पाण्याखालील तळात दोन ठिकाणी सुमारे अकराशे मीटर खोल छिद्रे घेऊन गाळाचे नमुने वर काढण्यात आले. गोव्यातील संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. शोध चालला होता तो हिमालयाच्या इतिहासाचा.

हिमालय समुद्रात कसा सापडावा, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. पर्वत उंचावू लागला की त्याची झीजही वाढते. झिजून गेलेले खडक पर्वतावर पुन्हा पाहावयास मिळत नाहीत; परंतु सिंधूने वा गंगा-ब्रह्मपुत्रेने वाहून नेलेला त्यांचा चुरा सागरतळी थरावर थर साचत राहतो. क्रम मात्र उलटा असतो. पर्वतमाथ्यावरचा खडक आधी झिजतो, म्हणून त्याचा गाळ सर्वांत खाली!

हा गाळ कोठला, हे सांगणारा उत्तम साक्षीदार म्हणजे झिरकॉन हे खनिज. वाळूत मिसळलेले त्याचे कण नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात. पण ते अतिशय चिवट असतात. शिलारसातून स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम सामावून घेतो आणि शिसे जवळजवळ नाकारतो. पुढे युरेनियमचे किरणोत्सर्गाने हळूहळू शिसे होते. युरेनियम-२३८ निम्मे उरण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. या दोहोंचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय कळते. कलाशाखेच्या माणसालाही पटावा असा हा सरळ हिशेब आहे.

भारत व आशिया यांची टक्कर केव्हा झाली, हे ठरविण्यास हीच रीत उपयोगी पडली. दोन्ही भूखंडांमध्ये पूर्वी टेथिस समुद्र होता. भारताच्या कडेवरील जुन्या गाळातील बहुतेक झिरकॉन ५० कोटी वर्षांहून प्राचीन आहेत; पलीकडील, दक्षिण तिबेटच्या ज्वालामुखी पट्ट्यातील झिरकॉन त्या मानाने पुष्कळच तरुण. मधला खोल समुद्र असेतो पलीकडची वाळू अलीकडे येणे शक्य नव्हते. दक्षिण तिबेटातील सांगदानलिन येथे मात्र भारतीय कडेच्या खडकांत सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वी आशियाचे कण आढळू लागतात. अर्थात तोवर भूखंड भिडले होते.

यावर सर्वांचे एकमत नाही. भारत प्रथम समुद्रातील एखाद्या द्वीपमालेवर आदळला व आशियाशी खरी टक्कर पुष्कळ नंतर झाली, असे काही शास्त्रज्ञ मानतात. शिवाय जुना वालुकाश्म पुन्हा झिजला तर तेच कण दुसऱ्यांदा प्रवासास निघतात. तेव्हा एकाच खनिजावर विसंबून चालत नाही.

लक्ष्मी खोऱ्यात तर निराळेच संकट उभे राहिले. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी समुद्राखाली एक प्रचंड दरड कोसळली होती. शास्त्रज्ञांनी तिला 'नटराज' असे नाव दिले. तिच्यातील चुनखडीयुक्त मलबा हिमालयाचा नसून सौराष्ट्राकडील उथळ समुद्राच्या कडेचा निघाला. एका छिद्रात हा मलबा थेट सुमारे ६ कोटी वर्षे वयाच्या थरांवर बसलेला आढळला. हिमालयाच्या जन्माचा गाळ ज्या थरांत मिळावयाचा, ते मधले थर तेथे नव्हतेच.