बाबांचा सातबारा आणि एंटरप्राइझ आर्किटेक्चर

मी बाभुळगावचा. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापूस न् सोयाबीन. सरांनी 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर' हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावर आम्ही जांभया देत होतो. त्याचा अर्थ मला कळला तो सुट्टीत, घरी!

मृग लागला होता, बियाणं घ्यायचं होतं आणि बाबांचं पीककर्ज अडलं. का? तर सातबाऱ्यावर त्यांच्या नावाला 'राव' लागलेलं, बँकेच्या खात्यात नाही. माणसाला कळतं हा एकच माणूस आहे, कॉम्प्युटरला कसं कळणार? अर्ज, हेलपाटे... काम झालं, पण तोवर काकांकडून उसने पैसे घेऊन वावरात पेरणी उरकावी लागली.

एखाद्या मोठ्या संस्थेत कोणतं काम कोण करतो, त्याला कोणती माहिती लागते, ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि ते कोणत्या यंत्रणेवर चालतं, या चार थरांचा एकत्रित नकाशा म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात याची चौकट मांडली. १९९५ मध्ये 'टोगॅफ' आलं. भारत सरकारनेही २०१८ मध्ये 'इंडिया' नावाची चौकट सरकारी खात्यांसाठी आणली.

आता हा नकाशा सातबाऱ्याला लावून बघा. गाव नमुना सातमध्ये मालकी, बारामध्ये पीक. पूर्वी हे सगळं तलाठ्याच्या दप्तरात असायचं. जमिनीची खरेदी नोंदवायची दुय्यम निबंधकाकडे, फेरफारासाठी जायचं तलाठ्याकडे आणि कर्जाला बँकेत. एकच माहिती तीन ठिकाणी! सुरुवातीला कॉम्प्युटर आला तेव्हा हाताने लिहिलेलं टाइप झालं, एवढंच. म्हणजे वरचे तीन थर जुनेच, बदलला फक्त खालचा.

खरा बदल झाला तो ई-फेरफारमुळे. दस्त नोंदला की त्याची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी स्वतः वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो. तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या हाती आलं! हा नुसता ॲप नाही, कामाची वाटणीच बदलली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्रणा जितक्या एकमेकींना जोडाल, तितकी एका अक्षराची चूक लांबवर पोचते. पूर्वी बाबांचा 'राव' दप्तरात गुपचूप पडून राहिला असता. आता तो थेट पेरणीच्या आड आला. म्हणून आधी ठरवावं लागतं की कोणती माहिती कुठली खरी मानायची, ती दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत. सर्व्हर, क्लाउड त्यानंतर.

उद्या आपल्यापैकी कितीतरी पोट्टे पुण्या-बेंगळुरूला अशाच यंत्रणा बांधतील. तेव्हा नकाशात एक चौकोन त्या माणसासाठीही काढा, जो बियाणाच्या दुकानापुढे थांबलेला असतो. पाऊस काही सर्व्हरची वाट बघत नाही!