मनी आणि कापशी

नाशिकहून गुजरातेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या डोंगरांत पेठ तालुका वसलेला आहे. येथील शेतकरी पावसाळ्यात भात व नागली पिकवितो आणि पीक हाती आले म्हणजे धान्य कणगीत भरून ठेवितो. त्या कणगीवर वर्षभर घराचे पोट चालते. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर! म्हणून या भागात मांजर हे केवळ हौसेचे जनावर नव्हे. ते घराचे राखणदार होय. अशा घरात उंदराच्याच जातकुळीतील एखादा प्राणी लाडाने पाळावयाचा झाल्यास काय करावे?

मी पेठ येथे मुख्याध्यापक असतानाची गोष्ट आहे. सातवीतील एका मुलास त्याच्या मामाने गिनीपिगच्या दोन माद्या दिल्या. त्याने पांढरीचे नाव ठेविले कापशी आणि तांबूस रंगाचीचे तांबी. एके दिवशी तो शाळेत आला तो रडून डोळे सुजवूनच. रात्री घरातील मनी मांजरीने स्टुलावरचा पिंजरा पाडला होता. पडता पडता दार उघडले आणि तांबी प्राणास मुकली.

तो मला म्हणाला, “गुरुजी, मनीला रोज दूधभात मिळतो. मग तिने असे का केले? तिला पोत्यात घालून रानात सोडून येऊ का?”

मी म्हणालो, “आणि मग कणगी कोण राखील? आधी आपण पिंजरा पाहू.”

सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. मनी कणगीपाशी शांत बसली होती. कापशी मात्र गवतात तोंड खुपसून निश्चल पडली होती. सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते.

बालमित्रांनो, मनीचा अपराध कोणता? माणसाने शेती आरंभिली, धान्य साठविले, त्याबरोबर उंदीर आले आणि त्यांच्या मागोमाग रानमांजर माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. इतकी ही सोबत जुनी! ज्या गुणासाठी आपण मांजरास घरात घेतले, तोच गुण त्याने आपल्या आवडत्या प्राण्यापुरता विसरावा, असे त्यास कसे सांगता येईल? शिवाय मांजर केवळ भुकेपोटी शिकार करीत नाही. पोट भरलेले असले तरी हालचाल दिसताच ते झेप घेते. उंदरांचा जो बारीक चीत्कार आपल्या कानांस ऐकूही येत नाही, तो त्यास स्पष्ट ऐकू येतो.

आता कापशीकडे पाहू. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातील. उंदीर, खार, साळिंदर यांच्याप्रमाणे तोही कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला आहे. त्याला ना नखांचे बळ, ना सुळ्यांचे. संकट आले की लपणे किंवा निश्चल राहणे, एवढेच त्यास ठाऊक. मांजराने स्पर्शही केला नाही, नुसते पिंजऱ्यासमोर ठाण मांडले, तरी भयाने तो खाणे सोडतो. आणि एक दिवस उपास घडला तरी त्याच्या जिवास धोका असतो.

त्या मुलाच्या पिंजऱ्यात मला तीन दोष आढळले. पहिला, तारांमधील अंतर मांजराचा पंजा आत जाईल एवढे होते. गिनीपिगसाठी जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. पांढऱ्या उंदरांसाठी ती याहूनही बारीक हवीत, कारण ते बोटाएवढ्या फटीतूनही निसटतात. दुसरा दोष असा, की दाराची कडी सैल होती. कडी अशी असावी की ती उघडण्यास माणसाचीच बोटे लागावीत. तिसरा दोष म्हणजे डळमळते स्टूल. मांजर एका उडीत चार-पाच फूट उंची सहज गाठते. म्हणून उंचीचा भरवसा धरू नये. पिंजरा जड, रुंद बुडाचा आणि वरूनही जाळीने बंद असावा. नुसते लाकडी खोके पुरत नाही. कृंतकांचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजविण्यासाठी त्यांस सतत कुरतडावे लागते. आज भक्कम दिसणाऱ्या खोक्यास उद्या भोक पडलेले असते.

पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात लपण्यासाठी लहानसे खोके ठेवावे. पिंजरा मांजर जाणार नाही अशा खोलीत असावा. परंतु दार लावले म्हणजे झाले, असे समजू नये. जुन्या कौलारू घरांतील मधल्या भिंती पुष्कळदा छपरास भिडलेल्या नसतात. मांजर माळ्यावरून पलीकडे उतरते. पिंजरा पडवीतही ठेवू नये. तेथे पावसाची ओल लागते आणि उंदराच्या वासाने सापही येतो.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पिंजऱ्यातील प्राण्यास त्या घंटेचा काय उपयोग? ती ऐकून तो पळणार कोठे? राखण आपणच करावयास हवी. गिनीपिगला बाहेर काढावयाचे झाल्यास आधी मांजर घराबाहेर आहे ना, हे पाहावे. त्यास हाती घेण्यापूर्वी व नंतर हात धुवावे. ‘दोघांची मैत्री होते का पाहू’ म्हणून त्यांस समोरासमोर कधीही आणू नये. अशा प्रयोगात चूक एकदाच होते आणि ती भरून निघत नाही. मांजराचा दात किंवा नख किंचितही लागले, तर जखम लहान म्हणून स्वस्थ बसू नये. त्यातून रोगजंतू शरीरात शिरतात. म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.

आणखी एक गोष्ट. रानातील खार किंवा तिचे पिल्लू पकडून पाळू नये. आपला राज्यप्राणी शेकरू हाही कृंतकच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले आहे. रानचे प्राणी रानातच शोभतात.

त्या मुलाने वडिलांच्या मदतीने नवा पिंजरा केला. गिनीपिग हा कळपाने राहणारा प्राणी. त्यास एकटेपण मानवत नाही. म्हणून काही दिवसांनी कापशीला सोबतीण आणली. मनीही घरातच राहिली. पुढे एकदा तो मला म्हणाला, “गुरुजी, आता मी रोज निजण्यापूर्वी कडी पाहतो.”

मला फार समाधान वाटले. मनीचा स्वभाव त्याला बदलता आला नसता, आणि कापशीला बळही देता आले नसते. परंतु दोघींना एका छपराखाली आणणारे आपणच आहोत, हे त्यास उमजले होते. मुक्या प्राण्यास घरात आणणे सोपे असते. त्याच्या जिवाची काळजी रोज न चुकता वाहणे, यातच खरे प्रेम आहे.