गरुडाचं झाड राखा, कॅमेरेवाले आपोआप येतील

पूर्णगड : आंब्याच्या हंगामात कोकणात गाड्या येतात, ही नवलाई राहिलेली नाही. अलीकडे मात्र गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा अडकवलेली मंडळीही किनाऱ्यावर दिसू लागली आहेत. त्यांना आंबा नको, मासळी नको. त्यांचा प्रश्न एकच, ‘इथं गरुड कुठं बसतो हो?’ ही माणसे जागा कशी निवडतात हे गावाने समजून घेतले तर चार पैसे गावात राहतील. नाही घेतले, तर पक्षीही जाईल आणि पाहुणाही.

जो पक्षी दुसरीकडे सहजी मिळत नाही त्याच्या मागे हा फोटोवाला जातो. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला सापडले नव्हते. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि मेळघाट-तोरणमाळकडे पक्षीवेड्यांची पावले वळली. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पाहायला देशभरातून लोक येत. माळराने आटली, माळढोक दिसेनासा झाला आणि त्याच्यासाठी होणारी वर्दळही संपली. उजनीच्या काठी भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी टिकून आहेत, म्हणून तिथले मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून फिरवून कमाई करतात.

आपल्याकडे काय आहे?

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड. किल्ल्याच्या टेकडीवरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र दिसतो. मासे टिपणाऱ्या पक्ष्याला याहून चांगली जागा कुठली? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्याचा खरा मानकरी म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे दोन मीटर. डोके आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे खाणे. तो किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरतो. ठेंगणे कलम त्याच्या कामाचे नाही. त्याला जुना रायवळ आंबा किंवा उंच सुरू लागतो.

हिवाळ्यात ओहोटीला खाडीच्या चिखलावर आणि वाळूवर कुरव, सुरय आणि चिखलपायटे उतरतात. पावसाळ्यात कोकणातल्या पऱ्यांच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करून पिल्ले वाढवतो. म्हणजे गरुडासाठी ऑक्टोबर ते मे, कुरवांसाठी नोव्हेंबर ते मार्च आणि खंड्यासाठी जून ते सप्टेंबर असे वर्षभराचे वेळापत्रकच तयार आहे. पाहुण्याला एवढे सांगता आले तरी पुरे. आणखी एक गोष्ट सांगावी. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे पाण्यावरच्या पक्ष्याचा फोटो सकाळी चांगला येतो. दुपारनंतर ऊन समोरून येते.

अडचण कुठे आहे?

अडचण घरट्याशी आहे. गरुडाची वीण आणि आंब्याचा हंगाम एकाच वेळी येतात. साधारणपणे दोन अंडी, त्यातूनही बऱ्याचदा एकच पिल्लू मोठे होते. फोटोवाले झाडाखाली ठाण मांडून बसले, कुणी ड्रोन उडवला, तर जोडी घरट्यावरून उठते. तेवढ्यात कावळा अंडे फोडतो किंवा पिल्लू उन्हात तापते. तिबोटी खंड्याच्या बिळासमोरही गर्दी झाली की पक्षी चोच भरून आणलेला घास घेऊन नुसता बसून राहतो. म्हणूनच जाणते छायाचित्रकार घरट्याचा फोटो काढत नाहीत, आणि अनेक छायाचित्र स्पर्धांतही तो चालत नाही.

दुसरा धोका कुऱ्हाडीचा. असे झाड बहुतेक वेळा खाजगी जागेत असते. घरात लग्न निघते, पैशांची नड लागते, लाकडाचा व्यापारी दारात येतो. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उभ्या झाडाचा त्याला उपयोग काय, हे गावाने दाखवून दिले पाहिजे.

वेळासचा धडा

मंडणगड तालुक्यातले वेळास आपल्याच जिल्ह्यातले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची मंडळी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनारा हिंडत होती, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची चोरी दिसून आली. २००२ पासून तिथे कासवाची घरटी राखण्याचे काम सुरू झाले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले, त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावकऱ्यांनी घराघरांत केली. आधी राखण, मग पाहुणे, हा क्रम त्यांनी मोडला नाही.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर न ठेवता कामाला लावावी. घरट्याची झाडे लोक जैवविविधता नोंदवहीत लिहावीत, पण ठिकाण चव्हाट्यावर सांगू नये. आंबा हे अनुसूचित झाड आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. गरुडाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्याची अंडी किंवा घरटे नष्ट करणे हा गुन्हा ठरतो.

पाहुण्यासाठी नियम थोडे, पण ठाम असावेत. घरट्याजवळ जाणे नाही, ड्रोन नाही, पक्ष्याला बोलावण्यासाठी आवाजाची टेप नाही. पाहायचे ते किल्ल्यावरून किंवा होडीतून, सोबत गावातला माहीतगार घेऊनच. त्या माहीतगाराची आणि होडीची मजुरी ठरलेली असावी. त्यातला काही वाटा झाड राखणाऱ्या शेतकऱ्याला मिळावा. राहण्या-जेवणाची सोय करू पाहणाऱ्यांनी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाची माहिती पर्यटन संचालनालयाकडून करून घ्यावी.

ऑक्टोबरात गरुड काटक्या जमवू लागतो. त्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर वेळेवर होईल. घरटे एकदा सुटले की फोटोवाला पुढच्या खाडीवर जाईल. आपल्या वाट्याला मात्र रायवळाचा बुंधा तेवढा उरेल.